पळी सासूच्या हाती

५ फेब्रुवारी

आत्या,

साष्टांग नमस्कार लिहिला तर तू म्हणशील, "तुझे गुडघे शाबूत आहेत, तूच घाल. मला उठवू नकोस." म्हणून नुसता नमस्कार. बाबा म्हणत होते, आत्याला फोन कर. मी म्हटलं, आत्याला फोनवर अर्धं ऐकू येतं आणि उरलेलं अर्धं ती मनाने भरते. पत्रच बरं.

तर तुझी ढब्बू आता पोषण केंद्राची प्रमुख झाली आहे! प्रमुख म्हणजे काय, मी आणि स्वयंपाकीण काकू, एवढाच ताफा. पुठ्ठ्याची खोकी बनवायचा कारखाना आहे, त्याच्या मागच्या वस्तीत, पूर्वी टायर ठेवायचे त्या गोदामात आमचं केंद्र भरतं. भिंतींना अजून रबराचा वास येतो, पण काकूंनी डाळीला फोडणी दिली की तो निमूट बाहेर जातो. दुपारी वस्तीतल्या गरोदर बायका आणि अंगावर पाजणाऱ्या आया जेवायला येतात. भात, डाळ, पालेभाजी, एक उकडलेलं अंडं. पाजणाऱ्यांना वर पेलाभर दूध. आठवड्यातून एकदा वजन.

आणि वजन काही वाढत नाही, आत्या. आधी जेवण डब्यात घरी न्यायला द्यायचो. ते घरात सगळ्यांच्या पोटात जायचं आणि हिच्या वाट्याला डबा घासणं. म्हणून मी नियम केला, इथेच बसून जेवायचं. तर आता अंडं गालात दाबून नेतात! परवा एक जण माझ्याशी बोलेचना. मला वाटलं, रागावली. बघते तर तोंडात अख्खं अंडं, थोरल्या लेकासाठी.

पण सगळ्यांत वाईट म्हणजे हवालदारीण. हे नाव मीच ठेवलंय. एका सुनेला पाचवा महिना चालू आहे, कारखान्यात खोक्यांना घड्या घालते, इतकी बारीक की बाकीच्या तिला काडी म्हणतात आणि तीही हसते. तिची सासू रद्दी निवडून विकते. सुनेबरोबर येते आणि दारात उभी राहून तिचे घास मोजते. ताट अर्धं झालं की खोकते. खोकला आला की काडी ताट खाली ठेवते. मी आग्रह केला तर म्हणते, "पोट भरलं हो बाई." डोळे ताटातच!

या कंजूस बाईला दारातही उभं करायचं नाही असं ठरवलंय. सासवांना प्रवेश बंद, अशी पाटीच लावते. बरोबर ना?

तुझी ढब्बू


१४ फेब्रुवारी

ढब्बे,

काय अक्कल आहे! जखम मांडीला आणि मलम शेंडीला. सासूला दारातून हाकललंस तर ती घरी जाऊन चुलीपाशी बसेल, आणि तिथे तुझी पाटी वाचायला कोण येणार? उद्यापासून काडी केंद्रातच यायची नाही. मग बस तू आणि तुझ्या काकू एकमेकींना वाढत.

माझी अख्खी नोकरी बाळंतिणींच्या वॉर्डात गेली. सिस्टर म्हणून मी डॉक्टरांना कधी घाबरले नाही, पण सासवांना पहिली काही वर्षं घाबरायची. मग एक गोष्ट कळली. दाराबाहेर ठेवलेली सासू भांडते, आत घेतलेली सासू कामाला लागते. घरातली पळी तिच्याच हातात असते. ती तू काढून घेतलीस की तिला वाटतं, आपलं घरच कोणी काढून घेतलं. तेव्हा तुझ्या केंद्रातली पळी तिच्या हातात दे. वाढू दे तिला.

अंडं गालात नेणाऱ्या बाईला रागावू नकोस. तिच्या जागी तू असतीस तर दोन्ही गालांत नेलं असतंस. त्या थोरल्या लेकालाही बोलाव जेवायला. काकूंना म्हणावं, डाळीत पाणी न घालता एक माणूस वाढवता आला तरच खरी सुगरण.

माझे गुडघे आहेत तसेच आहेत. त्यांची चौकशी सगळेच करतात, एकटी मी करत नाही.

आत्या


११ मार्च

आत्या,

तुझ्या पायाचं तीर्थ पाठव. नाहीतर नको, आमच्या पाण्याचे नियम कडक आहेत.

पहिल्या दिवशी मी पळ्या सासवांच्या हाती दिल्या आणि तुला मनातल्या मनात चार शिव्याही दिल्या. जी ती आपापल्या सुनेला वाढायला बसली. एक तर इतकं जपून वाढत होती की काकूंनी विचारलं, "औषध देताय का?" मला रडू यायचं बाकी होतं. मग चिडून म्हटलं, "उद्यापासून आपल्या सुनेला वाढायचं नाही. दुसरीच्या सुनेला वाढायचं."

मी रागाने बोलले आणि ते नेमकं लागू पडलं! दुसरीच्या सुनेला कमी कसं वाढणार? चारचौघींत हात आखडता घेतला तर वस्तीभर नाव खराब होईल ना. आता पळ्यांची चढाओढ बघण्यासारखी असते.

"अगं, तिला एवढाच भात? माझ्या सुनेला तू काल एवढाच वाढला असतास तर मी काय म्हटलं असतं?"

"तुझी सून खाते कुठे? माझ्याकडे बघ, आमची मागून घेते!"

म्हणजे सुनेचं खाणं ही मिरवायची गोष्ट झाली. आपलं ठेवायचं झाकून आणि दुसऱ्याचं पाहायचं वाकून, हा जगाचा जुना खेळ. तो या बायांच्या भल्यासाठी जुंपता येईल असं कोणाला वाटलं असतं? वजनाच्या दिवशी काट्याची सुई पुढे गेली की काकू पातेल्यावर झारा आपटतात आणि बाकीच्या ताटं वाजवतात. कारखान्याचा पहारेकरी पहिल्यांदा आग लागली समजून धावत आला होता. अंडं नेणारीचं तर बाळसुद्धा गुटगुटीत झालंय, आणि थोरला रोज तिच्या शेजारी बसून जेवतो.

फक्त काडीची सुई जागची हलत नाही. हवालदारीण इतरांच्या सुनांना भरभरून वाढते, ताटावर डोंगर करते, "खा ग पोरी, दोन जिवांची आहेस" म्हणते. आणि पळी हातात असतानाच मागे वळून आपल्या सुनेकडे बघून खोकते. अशी कशी बाई? दुसऱ्याच्या धान्यावर उदार आणि स्वतःच्या सुनेची वैरीण. सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तुझी ढब्बू


१९ मार्च

ढब्बे,

दुसरीच्या सुनेला वाढायचं, हे मला तीस वर्षांत सुचलं नाही. तू रागात का होईना बोललीस. मी तुझं पत्र शेजारणीला वाचून दाखवलं, मग दूधवाल्याला, आणि तो घाईत होता तरी सोडला नाही.

पण हवालदारणीबद्दल तुझं चुकतंय. कंजूस हात सगळ्यांनाच कंजूस असतो. जी बाई परक्या पोरींना डोंगर वाढते ती कंजूस नाही. ती घाबरली आहे. दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो. तिचं तोंड कशाने पोळलंय ते विचार. आणि चारचौघींत विचारू नकोस. भांडी घासताना विचार. हात कामात असले की बायका खरं बोलतात.

आत्या


२८ एप्रिल

आत्या,

उशीर झाला, पण आज सगळं एकदम सांगते, कारण आज मी जिंकले आहे!

तू म्हणालीस तसं भांडी घासताना विचारलं. आधी नुसतीच ताट घासत राहिली, स्वच्छ झालेलं पुन्हा घासलं. मग म्हणाली, "माझी एकुलती एक लेक होती, बाई." तिला दिवस गेले तेव्हा हिने माहेरी आणलं, स्वतः उपाशी राहून तिला जेवू घातलं. शेवटी शेवटी लेक अशी अंगाने भरली, गाल वर आले, की वस्तीतल्या बाया बघायला यायच्या. आणि बाळंतपणात तिला झटके आले. लेकही गेली, बाळही गेलं. कोणीतरी म्हणालं, बाळ फार मोठं झालं होतं, फार खाऊ घातलंत. "माझ्या हाताने घास भरवून मारली मी तिला," असं म्हणाली, आणि पुढचं ताट उचललं. म्हणून सुनेला अर्धपोटी ठेवते. बाळ बारीक असलं की सुखरूप सुटेल, म्हणून. मी तिला वैरीण म्हटलं होतं ग. मला स्वतःची इतकी लाज वाटली की राख मीही हातात घेतली आणि उरलेली भांडी घासली.

मी तिला सांगितलं, अर्धपोटी आईला बाळंतपणाचं बळच उरत नाही. तिने शांतपणे ऐकलं आणि सौदा केला. म्हणाली, "मी खाऊ देते. पण मी म्हणेन तेव्हा, तुम्ही असाल तशा उठून दवाखान्यात न्यायचं. शब्द द्या." मी दिला.

त्या दिवसापासून खोकला बंद. काडीने पहिल्यांदा ताट पुसून खाल्लं तेव्हा काकू पदराने डोळे टिपत होत्या आणि धूर गेला म्हणत होत्या. मग सुई हळूहळू सरकायला लागली, आणि आज! आत्या, एका आठवड्यात सुई अशी उडी मारून पुढे गेली की असं आजवर कोणाचंच झालं नव्हतं. इतकी ताटं वाजली की पहारेकरी आता नाचतोच. काडीला काडी म्हणवत नाही. चेहरा गोल झालाय, बांगड्या रुतायला लागल्या, चपला होईनात म्हणून सासूच्या घालून आली. एकटी हवालदारीण ताट वाजवत नव्हती. म्हणाली, "हिचं डोकं फार दुखतं." म्हटलं, उन्हाचं दुखत असेल, आता तरी हसा की! आमच्या नर्सबाई महिन्यातून एकदा येतात, त्यांची फेरी जवळच आली आहे, तेव्हा बघतीलच.

पुढच्या आठवड्यात मुख्य कचेरीतले मोठे साहेब केंद्र बघायला येणार आहेत. काडीला पहिल्या रांगेत बसवणार आहे.

तुझी ढब्बू, विजयी


तार, ५ मे

वजन नव्हे सूज आहे. आजच दवाखान्यात ने. थांबू नकोस. आत्या


५ मे

ढब्बे,

तार केली आहे. पोस्टातला माणूस म्हणाला, शब्द कमी करा आजी. मी म्हटलं, हे कमीच आहेत.

एका आठवड्यात मांस चढत नाही, पाणी चढतं. चेहरा गोल, बांगड्या रुततात, चपला होत नाहीत, डोकं दुखतं. हे सगळं तू एका ओळीत लिहिलंस आणि त्याच्या वरच त्या बाईच्या लेकीचे गाल आणि झटके लिहिलेस. दोन्ही एकाच पत्रात, ढब्बे! दोन्ही एकच आहे. हा रक्तदाबाचा आजार आहे. नडगीवर अंगठा दाबून बघ, खड्डा पडून तसाच राहिला तर सूज. पण बघत बसू नकोस, आधी गाडी शोध.

तुमच्या कारखान्यात फोन आहे हे मला माहीत आहे. पण मला ऐकू येत नाही आणि नाचणाऱ्या पहारेकऱ्याच्या हाती निरोप द्यायची माझी हिंमत नाही.

तुला रागावत नाही. वजन वाढलं की खूश व्हायचं, हेच तर तुला शिकवलंय. वॉर्डात मीही एकदा अशा गालांना फसले होते. ते नंतर कधीतरी. आधी तिला ने.

आत्या


१३ मे

आत्या,

आधी तेच सांगते. दोघी जिवंत आहेत. दोघी म्हणजे काडी आणि तिची लेक.

तार आली त्याच दिवशी सकाळी साहेब आले होते. गोदाम झाडून चकचकीत, पहिली रांग तयार, आणि काडीची जागा रिकामी. मी चडफडत तिला आणायला निघाले. बोळाच्या तोंडाशी हवालदारीण दिसली, रद्दीची ढकलगाडी ढकलत. गाडीत पुठ्ठे अंथरले होते आणि त्यावर काडी आडवी, डोळ्यांवर ओला फडका. म्हणाली, "बाई, चला. हिला नीट दिसेनासं झालंय. माझी लेकसुद्धा अशीच भरली होती."

खरं सांगू? मी म्हणाले, "साहेब आलेत. तासाभरात निघू." हे शब्द माझ्या तोंडून गेले, आत्या.

ती ओरडली नाही. म्हणाली, "लेकीच्या वेळी मीही म्हणाले होते, ऊन उतरू दे, मग नेऊ. तुम्ही शब्द दिलाय."

मी गाडीचा दुसरा दांडा धरला. अंगात साहेबांसाठी घातलेले कपडे, पायात नवे बूट. पहारेकऱ्याने मालाचा ट्रक थांबवला आणि चालकाला म्हणाला, खोकी नंतर जातील, ही आधी. दवाखान्यात पोचलो तेव्हा डॉक्टरीणबाईंनी रक्तदाब बघितला आणि आमच्याशी एक शब्दही न बोलता धावाधाव सुरू केली. वाटेत नाही, दारातच काडीला पहिला झटका आला. लगेच इंजेक्शन दिलं. दुपारी ऑपरेशन करून बाळ काढलं. वेळेआधीचं आहे, मुठीएवढं, पण आवाज काय आहे! डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आणखी थोडा उशीर झाला असता तर दोघींपैकी कोणीच हाताला लागलं नसतं. तासाभराचं मी त्यांना सांगितलं नाही. तुला सांगितलं.

आता केंद्रात काय झालं ते ऐक, हे काकूंनी सांगितलं. तारवाला आला तेव्हा मी गेलेली. काकूंना वाचता येत नाही, म्हणून त्यांनी तार साहेबांच्या हातात दिली आणि साहेबांनी ती मोठ्याने वाचली. सगळ्या सासवा साहेबांभोवती जमल्या, "सूज कशी ओळखायची?" साहेब बिचारे हिशेबखात्यातले, म्हणाले, ते नर्सबाईंना माहीत. तेवढ्यात काडीच्या शेजारी राहणारी म्हणाली, हवालदारीण काल रात्री सुनेच्या नडगीवर अंगठा दाबून बघत होती, खड्डा पडला तो भरेचना. झालं! साहेबांच्या देखत एकेक सासू खाली बसली आणि समोर जी सून असेल तिचे पाय दाबायला लागली. सुना पाय ओढून घेतायत, "अहो आई, हे काय करता!" आणि सासवा ओरडतायत, "गप बस ग, पाय दे इकडे!" सासूने सुनेचे पाय धरलेले साहेबांनी जन्मात पाहिले नव्हते. काकू म्हणाल्या, आम्हीही नाही.

त्यात एकीचा खड्डा राहिला. अंडं नेणारीच्या धाकट्या जावेचा. सातवा महिना आहे. तिला दुसऱ्या दिवशी दवाखान्यात नेलं, वेळेत सापडली, औषध चालू आहे. आता रोज वाढायच्या आधी पाय बघतात, आणि वजन एकदम उडालं तर ताटं वाजत नाहीत, आधी अंगठा. मी काहीच सांगितलं नाही ग. त्यांनीच ठरवलं. मी दारात उभी राहून बघते आणि मला या बायांचा इतका अभिमान वाटतो की पगार मला कशाचा मिळतो तेच कळत नाही.

एक वाईट झालंय. हवालदारीण पुन्हा म्हणते, मी खाऊ दिलं म्हणूनच झालं. काडीला डॉक्टरीणबाईंनी भरपूर खायला सांगितलंय, दूध यायला हवं, पोर इवलीशी आहे. ही ताट समोर ठेवते आणि पुन्हा मागे ओढते. डॉक्टरीणबाईंनी समजावलं, पण घाईत. तूच काहीतरी लिही.

तुझी ढब्बू


२० मे

ढब्बे,

तासाभराचं मला सांगितलंस, ते माझ्यापाशी राहील. दांडा धरलास, तेही राहील. माझ्या वॉर्डातल्या सगळ्या सासवांना मी एका रांगेत उभं केलं तरी या तुझ्या सासवांची सर येणार नाही. आता पुढचं तिला वाचून दाखव, सावकाश, आणि मध्ये आपली अक्कल घालू नकोस.

ताई,

तुम्ही मला ओळखत नाही. मी आयुष्यभर बाळंतिणी सांभाळल्या. अंगाला अशी सूज येते, डोकं दुखतं, दिसेनासं होतं, मग झटके येतात, हा आजार मी पुष्कळ पाहिला. तो पोटभर खाणारीला होतो आणि उपाशी असणारीलाही होतो. उपाशी पोरींचे तर मी जास्त हाल पाहिले. खाऊ घातल्याने तो होत नाही. तुमच्या सुनेला तुम्ही वाढलंत म्हणून तिच्या अंगात ऑपरेशन सोसायचं बळ होतं. आणि तुमच्या लेकीला तुम्ही घास भरवलेत त्याने ती गेली नाही. तिचा आजार तेव्हा कोणी ओळखला नाही. तुम्ही तिची आई होता, तुम्ही जेवू घातलंत. आईने दुसरं काय करायचं असतं?

जिने तुम्हाला फार खाऊ घातलंत असं सांगितलं, तिला काही माहीत नव्हतं. मला माहीत आहे.

ढब्बूची आत्या


२९ मे

सिस्टरबाई,

मी सांगते आणि बाई लिहितात. (शब्द न् शब्द लिहिते आहे, आत्या. ढब्बू.)

तुमचं पत्र बाईंनी वाचून दाखवलं. मी म्हटलं, पुन्हा वाचा. मग म्हटलं, ते आजाराचं तेवढं पुन्हा वाचा. माझ्या हातून रोज गाडीभर कागद जातो, पण मला कोणी लिहिलेला कागद हा एकच आला.

नात आता जरा धरते. अंगावर पिते, पिऊन झालं की भांडते. बाई म्हणतात, वजन हळूहळूच वाढू दे, आम्ही हळूच ताट वाजवतो. सुनेचे डोळे स्वच्छ झाले. तिला मी दोन्ही वेळा वाढते. पहिल्या दिवशी डाळ सांडली. सून म्हणाली, आई, सांडू दे, पुन्हा वाढा. मग पुन्हा वाढली. केंद्रातल्या बाया म्हणतात, तुमची सून मागून घेते. मी म्हणते, घेते तर!

तुम्ही लिहिलं ते मला आधी कोणी सांगितलं नव्हतं. लेक गेली तेव्हा मी रडले नाही. सगळे म्हणाले, बाई दगडाची आहे. पण जिने मारलं तिने रडायचं कुठल्या तोंडाने? घरात तिचं नावही मी घेतलं नाही इतकी वर्षं.

परवा बाई पत्र वाचून गेल्या आणि मी भांडी घासायला बसले. आणि मला रडू आलं. थांबेचना. सून बाळाला घेऊन पडली होती, तिला उठायला मनाई आहे, तरी उठली, भिंत धरत माझ्यापाशी येऊन बसली. घाबरून विचारायला लागली, "आई, काय झालं? कोण गेलं?"

मी म्हटलं, "माझी लेक गेली ग."